ओळ आधी की स्तंभ?

बहुमितीय ॲरे नावाची वस्तू संगणकाच्या स्मृतीत कोठेही नसते. स्मृती म्हणजे क्रमांकित घरांची एक लांबच लांब रांग. तिच्यात कोष्टक पाहतो ते आपण. तेव्हा ही रांग कोष्टकात कशी दुमडायची, हा प्रश्न आम्हांस केवळ तांत्रिक वाटत नाही.

१९५७ साली जॉन बॅकस यांच्या चमूने आयबीएम ७०४ या यंत्रासाठी फोरट्रान भाषा सिद्ध केली. तीत ‘डायमेन्शन’ या विधानाने ॲरेचा आकार आधीच जाहीर करावा लागे, आणि मिती फार तर तीन. साठवण स्तंभामागून स्तंभ अशी (त्या यंत्रावर तर पत्तेही उतरत्या क्रमाने!). पुढे १९७०च्या दशकारंभी डेनिस रिची यांच्या सी भाषेने ओळीमागून ओळ हा मार्ग धरला. तीन ओळी आणि चार स्तंभ घ्या: दुसऱ्या ओळीतील तिसरे पद फोरट्रानच्या रांगेत आठवे येते, सीच्या रांगेत सातवे.

एका घराचा हा फरक महागात पडतो. एका भाषेतले कोष्टक दुसरीला जसेच्या तसे सोपवले, तर आकडे भलत्याच जागी वाचले जातात आणि यंत्र बहुधा चकार शब्द काढत नाही. साठवणीच्या क्रमाविरुद्ध चालणारी आज्ञावली उत्तर बरोबर देते, पण मोठ्या कोष्टकांवर रेंगाळते. कारण प्रोसेसर शेजारची घरे एकगठ्ठा उचलतो.

मॅटलॅब, आर आणि ज्युलिया आजही फोरट्रानच्या बाजूचे. पायथनमधील नमपाय सहसा सीच्या वाटेने जाते; मात्र तेथे क्रम निवडता येतो, आणि पर्यायांची अक्षरे आहेत ‘सी’ आणि ‘एफ’.