ऊन खाणारं कासव

महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यात, तुडीलला, आमच्या घरामागे दगडी विहीर आहे. माझ्या लहानपणी तिच्यात एक काळं कासव होतं. कासव असलं की पाणी स्वच्छ राहतं, या समजुतीने कोकणात विहिरीत कासव सोडायची रीत जुनीच. दुपारी बाराच्या सुमाराला ऊन सरळ आत उतरलं की ते बाहेर आलेल्या एका दगडावर चढायचं, पाय पसरायचं आणि मान ताणून निश्चल बसायचं. मी दगड मारायला गेलो की आजी ओरडायची, "अरे, ऊन खातंय ते. खाऊ दे."

पुढे मी वायरमन झालो आणि पोटासाठी इंग्लंडला गेलो. तिथे एका प्राणिसंग्रहालयात आफ्रिकेतल्या, जमिनीवर राहणाऱ्या मोठ्या कासवांसाठी बंदिस्त घर बांधलं होतं. थंडीचे सहा महिने त्यांना बाहेर काढता येत नाही. दिवे बसवायचं काम माझ्याकडे आलं. मी छताला, चार मीटर उंचीवर, खास अतिनील किरणांच्या ट्यूब लावल्या आणि कासवांनी उडवलेली धूळ बसू नये म्हणून त्यांच्याखाली स्वच्छ काच बसवली. घर लख्ख उजळलं. कासवांची देखभाल करणारी बाई अतिनील किरण मोजायचा मीटर घेऊन आली, तो कासवाच्या पाठीजवळ धरला आणि मला दाखवला. आकडा शून्य होता.

ते शून्य का आलं, हे शोधताना मी जे वाचलं त्याची सुरुवात कासवांपासून होत नाही. ती माणसाच्या पोरांपासून होते.

गेल्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या धुरकट शहरांत मुडदूस घरोघरी होता. हाडं मऊ, पाय वाकलेले, छाती पुढे आलेली. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टराने अशा मुलांना पाऱ्याच्या क्वार्ट्झ दिव्यासमोर ठेवलं आणि त्यांची हाडं भरली. दिव्याने हाड बरं होतं, हे तेव्हा सिद्ध झालं.

आपल्याकडे तर ऊन भरपूर, मग इथे मुडदूस कशाला? पण होता, आणि तो आपल्या नाशकात सापडला. हचिसन आणि शहा या दोघांनी नाशिक भागातल्या मुलांची तपासणी करून १९२२ साली निष्कर्ष छापले. खाऊनपिऊन सुखी, पण पडदा पाळणाऱ्या घरांत आई आणि तान्हं मूल अंधाऱ्या खोल्यांत राहायचं. मुडदूस तिथे होता. अर्धपोटी मजूर बाया मात्र पोराला पाठीशी घेऊन दिवसभर रानात राबत, त्यांच्या पोरांत तो जवळजवळ नव्हता. ताटातलं अन्न कमी असून हाड शाबूत, आणि ताट भरलेलं असून हाड वाकडं. फरक उन्हाचा होता. हे वाचलं तेव्हा आजीचं वाक्य मला पुन्हा ऐकू आलं. 'ऊन खाणं' हा आपल्या भाषेतला शब्द शब्दशः खरा निघाला.

कातडीत एक स्निग्ध पदार्थ असतो. २९५ ते ३०० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण पडले की त्यातून ड जीवनसत्त्व बनायला लागतं, आणि शरीराच्या उबेत ते पूर्ण होतं. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. माशाकिड्यांवर जगणाऱ्या प्राण्याला थोडं ड अन्नातूनही मिळतं. गवत खाणाऱ्या कासवाचा मुख्य आधार ऊनच. आणि साधी काच नेमके हेच किरण अडवते. डोळ्याला ऊन दिसतं, हाडापर्यंत काही पोचत नाही.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जोन प्रॉक्टर या तरुण बाईंनी हे फार लवकर ओळखलं. १९२७ साली त्यांच्या आराखड्यावर सरपटणाऱ्या प्राण्यांचं घर उभं राहिलं, त्यात अतिनील किरण आत सोडणारी व्हिटा नावाची काच वापरली आणि प्रत्येक कप्प्यात कमीजास्त ऊब ठेवली. दुसऱ्याच वर्षी, १९२८ मध्ये, अॅडॉल्फ विंडाउस यांना ड जीवनसत्त्वाशी जोडलेल्या रसायनशास्त्रासाठी नोबेल मिळालं. प्रॉक्टरबाई १९३१ साली, अवघ्या ३४ व्या वर्षी गेल्या.

किती ऊन द्यायचं याचा आकडा मात्र फार उशिरा आला. गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानातल्या साप-सरड्यांच्या मागे मीटर घेऊन हिंडून, कोण स्वतःहून किती ऊन घेतो ते मोजलं आणि २०१० साली चार गट मांडले. आज कासवांसाठीही तोच हिशेब धरतात.

मी माझं काम उपसून पुन्हा केलं. काच काढली. चार ट्यूब शेजारी शेजारी, मागे चकचकीत पत्रा, आणि साखळ्यांनी खाली आणून कासवाच्या पाठीपासून साठ सेंटीमीटरवर टांगल्या. अंतर जमिनीपासून धरायचं नाही, पाठीपासून धरायचं. दिवा नेहमी डोक्यावर असावा. बाजूने लावला तर किरण डोळ्यांत जातात. उष्णतेचे दिवे त्याच जागेवर रोखले, कारण ऊब आणि किरण एकत्र लागतात. मीटरवर अतिनील निर्देशांक तीन ते चार आला. उरलेलं घर सावलीत ठेवलं, म्हणजे नको असेल तेव्हा जनावराला उठून जाता येतं. ट्यूबचा उजेड तसाच दिसतो आणि किरण आटत जातात, म्हणून दर महिन्याला मोजायचं, वहीत लिहायचं. पहिल्या सकाळी सर्वांत मोठी मादी त्या उजेडाखाली आली, पाय पसरले, मान ताणली. तुडीलच्या विहिरीतलं कासव अगदी असंच बसायचं.

ही सगळी खटपट ढगाळ देशासाठी आहे. आपल्याकडे आता वास्तूत भरभराट व्हावी म्हणून लोक तारा कासव आणून काचेच्या पेटीत, बंद खोलीत ठेवतात. त्याची पाठ मऊ पडते, पाय उचलेनासे होतात, आणि ते मुकं असल्यामुळे कुणाला कळत नाही. नाशकातल्या त्या अंधाऱ्या खोल्या आपण पुन्हा बांधतो आहोत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपली देशी कासवं पाळणं हा गुन्हा आहे, आणि कितीही भारी दिवा लावला तरी तो गुन्हाच राहतो. विहिरीत सोडायला रानातलं कासव धरून आणणंही आता थांबवायला हवं. तुमच्या किंवा शेजारच्या घरात असं कासव असेल, तर वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. त्याचं ऊन त्याला परत मिळू द्या.