आर्नोकाठची छत्री

युरोपातील प्रसिद्ध नगरे पाहावयास जाणाऱ्या मनुष्याची एक अडचण अशी असते की, ती नगरे त्याने जाण्यापूर्वीच पाहिलेली असतात. चित्रांतून, पुस्तकांतून आणि आधी जाऊन आलेल्या मंडळींच्या वर्णनांतून त्यांचे रूप मनात इतके पक्के ठसलेले असते की, प्रत्यक्ष दर्शन म्हणजे केवळ ताळा पाहणे होऊन बसते. इटलीतील फ्लॉरेन्स हे नगर या बाबतीत अग्रेसर होय. आम्ही उभयता तेथे चार दिवस होतो, आणि पहिले तीन दिवस आम्हीही असा ताळाच पाहत होतो. चौथ्या दिवशी जे पाहिले ते मात्र निराळे होते. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत त्याचे नाव आढळलेच तर अगदी शेवटी आढळते. तथापि महाराष्ट्रीय वाचकास त्याचे अगत्य वाटावे असे ते स्थळ असल्यामुळे त्याविषयीच येथे लिहिण्याचे योजिले आहे.

प्रथम नगराविषयी थोडेसे सांगितले पाहिजे. आपले वैभव जपून ठेवण्याच्या कामी या नगराइतके दक्ष नगर क्वचितच असेल. ब्रुनेलेस्कीने उभारलेला कॅथीड्रलचा घुमट १४३६ साली पुरा झाला. तो आजही नगराच्या कोणत्याही गल्लीच्या टोकाशी अवचित दिसतो. मेदिची घराण्यातील अखेरची स्त्री आन्ना मारिया लुईझा हिने १७३७ साली करार करून घराण्याचा सारा कलासंग्रह नगराच्या स्वाधीन केला, आणि त्यातील काहीही नगराबाहेर नेऊ नये अशी अट घातली. उफ्फित्सीच्या चित्रशाळेत आज जी दाटी उसळते तिचे मूळ या अटीत आहे. १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने आर्नो नदीवरील एक पोंते वेक्किओ वगळून बाकीचे सर्व पूल सुरुंगांनी उडविले. १९६६ च्या नोव्हेंबरात त्याच नदीने नगरात शिरून ग्रंथ व चित्रे यांचा अतोनात नाश केला. त्या पुराच्या पाण्याची उंची दाखविणाऱ्या पाट्या अनेक भिंतींवर लावलेल्या आहेत. आपल्यावर आलेली संकटेही हे नगर जतन करून ठेवते.

हे सर्व पाहून झाल्यावर आमच्या मनात एक प्रश्न आला. स्वतःचे वैभव जपणे हा नगराचा गुण खराच. परंतु परक्याची आठवण हे नगर कशी ठेवते? हा प्रश्न आमच्यापुरता अगदीच मोघम नव्हता. आम्हा दोघांपैकी एकीचे माहेर कोल्हापूरचे. आपल्या गादीचा एक तरुण महाराज परमुलखात वारला आणि त्याची छत्री तिकडेच एका नदीच्या काठी आहे, हे तिने लहानपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले होते. त्या नदीचे नाव आर्नो, आणि ते नगर हेच.

नगराच्या पश्चिमेस आर्नोच्या उजव्या तीराने काशिने नावाचे लांबट उद्यान पसरलेले आहे. पूर्वी येथे मेदिची घराण्याच्या गाईगुरांचे गोठे व कुरणे होती. त्यावरूनच हे नाव पडले. १८१९ साली इंग्रज कवी शेली याला पश्चिमवाऱ्यावरील आपली सुप्रसिद्ध कविता सुचली ती आर्नोकाठच्या याच वनराजीत. उद्यानाच्या तोंडाशी ट्राममधून उतरून आम्ही झाडांच्या सावलीने चालत निघालो. जसजसे पुढे जावे तसतशी माणसांची वर्दळ विरळ होत जाते. सुमारे तासाभराने उद्यान संपते, आणि मुन्योने नावाचा एक ओढ्याएवढा प्रवाह उजवीकडून येऊन आर्नोला मिळतो. त्या संगमाजवळ, झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेत, आपल्याकडच्या थाटाची एक छत्री उभी आहे. उंच चौथरा, त्यावर नक्षीदार खांब, खांबांवर घुमटाकार छत, आणि छताखाली एका तरुण पुरुषाचा रंगविलेला अर्धपुतळा. मस्तकी पागोटे, गळ्यात अलंकार, मुद्रा कोवळी. चौथऱ्याच्या चार बाजूंना चार भाषांत लेख कोरलेले आहेत.

हा पुतळा कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांचा होय. शिवछत्रपतींचे पुत्र राजाराम हे निराळे. त्यांच्या पत्नी ताराबाई यांनी ज्या कोल्हापूरच्या गादीचा पाया घातला, त्या गादीवरचे हे दुसरे राजाराम. यांचा जन्म १८५० सालचा, पाटणकर घराण्यातला. कोल्हापूरचे शिवाजी महाराज ऊर्फ बाबासाहेब १८६६ साली निपुत्रिक वारले, तेव्हा त्यांच्या या भाच्यास दत्तक घेऊन गादीवर बसविण्यात आले. यांना इंग्रजी शिक्षण मिळाले, आणि १८७० साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ते इंग्लंडच्या प्रवासास निघाले. समुद्रपर्यटनाने धर्म बुडतो असे मानणारा समाज तेव्हा बलवान होता. राज्यावर असलेल्या हिंदू राजाने विलायतेस जावे ही त्या काळी केवळ सहल नव्हती. ते एक साहस होते.

इंग्लंडात महाराजांनी व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, तेथील संस्था व समारंभ पाहिले, आणि जे पाहिले ते रोजच्या रोज इंग्रजीत टिपून ठेवले. परतीच्या वाटेवर ते आजारी पडले, आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांची रोजनिशी पुढे १८७२ साली लंडनमध्ये छापून निघाली. तीत राजकारण थोडे आणि कुतूहल फार आहे. परक्या नगरात आज काय पाहिले, कोणाला भेटलो, एवढेच टिपणारा तो एक तरुण प्रवासी आहे. आमच्याही पिशवीत तशीच एक वही होती, आणि पुतळ्यासमोर उभे असता तिची आठवण होऊन आम्हांस क्षणभर ओशाळल्यासारखे झाले.

मृत्यूची ही वार्ता ज्या नगरात पसरली, त्या नगराची त्या वेळची स्थितीही ध्यानात घेण्यासारखी आहे. फ्लॉरेन्स तेव्हा नुसते कलानगर नव्हते; १८६५ पासून ते इटलीच्या नव्या राज्याची राजधानी होते. राजधानीच्या इतमामासाठी जुना तट पाडून रुंद रस्ते काढण्याचे काम जोरात चालू होते. १८७० च्या सप्टेंबरात इटलीच्या सैन्याने रोम घेतले होते, आणि राजधानी तिकडे जाणार हे ठरल्यासारखे होते. पुढल्याच वर्षी ती गेलीही. मायकेलअँजेलोचा दाविद १५०४ पासून चौकात उघड्यावर उभा होता, तो अद्याप तेथेच होता. त्याला छपराखाली नेण्यात आले ते १८७३ साली. जुने आणि नवे यांच्या अशा धांदलीत एका परक्या राजाचा मृतदेह त्याच्याच धर्माच्या रीतीने अग्नीच्या स्वाधीन करण्याची परवानगी त्याच्या मंडळींनी मागितली.

ही मागणी किरकोळ नव्हती. ख्रिस्ती समाजात दफन हीच शतकानुशतकांची रूढी. इटलीच्या किनाऱ्यावर १८२२ साली शेलीच्या देहाचे दहन झाले होते खरे. परंतु ते समुद्रात बुडून काठास लागलेल्या प्रेतासंबंधीच्या रोगप्रतिबंधक नियमांमुळे, आणि तेही निर्जन वाळवंटावर. मिलान येथे आधुनिक पद्धतीचे पहिले दहन १८७६ साली झाले. रोमच्या धर्मपीठाने १८८६ साली दहनास स्पष्ट मनाई केली, आणि ती १९६३ पर्यंत टिकली. अशा देशात, राजधानीच्या नगरात, १८७० साली ही परवानगी मिळाली. आर्नो व मुन्योने यांचा संगम मुक्रर झाला. तेथे रात्रीच्या वेळी चिता रचली गेली, आणि कुतूहलाने जमलेल्या नगरवासीयांच्या देखत महाराजांच्या देहावर अग्निसंस्कार झाला.

छत्री उभी राहिली ती १८७४ साली. तिचा आराखडा इंग्रज लष्करातील इंजिनियर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा टाउन हॉल व नवा राजवाडा यांचे आराखडेही याच मँटसाहेबांचे. पुतळा घडविला फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने. रोजनिशीचे संपादन केले कॅप्टन वेस्ट या इंग्रज अधिकाऱ्याने. ही नावे एकापुढे एक मांडली म्हणजे मनात शंका उभी राहते, आणि त्या छत्रीसमोर आम्हा उभयतांत मतभेद झाला तो याच शंकेवरून.

एक पक्ष असा की, हे स्मारक महाराजांचे नव्हे, साम्राज्याचे आहे. महाराजांचे दत्तक पिता बाबासाहेब यांचे बंधू चिमासाहेब यांना १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी कोल्हापुरातून नेऊन कराचीस ठेवले. त्यानंतर पुरती तेरा वर्षेही लोटली नव्हती. अशा घराण्यातील इंग्रजी शिकलेला, राणीला भेटून येणारा तरुण राजा हा राज्यकर्त्यांच्या धोरणाचा हवा तसा नमुना होता. म्हणून त्याचे शब्द त्यांच्या अधिकाऱ्याच्या हातून छापले गेले, आणि त्याची मुद्राही त्यांच्याच कारागिराच्या हातून घडली. जिवंत राजाच्या हाती सत्ता बेताचीच राहू द्यावयाची आणि मेलेल्या राजाला संगमरवर द्यावयाचा, ही उदारता फार स्वस्तातली होय.

दुसरा पक्ष असा की, हे सर्व मान्य केले तरी परक्या मुलखात मरण आलेल्या विशीतल्या माणसाला स्वतःच्या रीतीने निरोप मिळाला, हे उरतेच. परगावी आपले माणूस गेल्यावर त्याच्या घरच्यांना काय वाटते हे ज्याने अनुभवले असेल, त्याला या गोष्टीची किंमत सांगावी लागत नाही. तिच्यापुढे पुतळा कोणी घडविला हा प्रश्न गौण आहे.

आम्ही संगमाच्या बाजूस जाऊन बराच वेळ बसलो, आणि तेथे बसल्यावर हा वाद आपोआप सुटल्यासारखा झाला. आम्ही दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत करीत होतो. छत्री १८७४ ची आहे; चिता १८७० ची. छत्रीचा आराखडा इंग्रजाने काढला, परंतु जागा काही त्याने निवडलेली नाही. प्रवाहाजवळ, दोन नद्या मिळतात तेथे अंत्यविधी व्हावा, ही निवड महाराजांबरोबरच्या शोकाकुल मंडळींची व त्यांच्या धर्मसमजुतीची. घरी असते तर त्यांनी पंचगंगेचा काठ पाहिला असता. येथे त्यांनी अनोळखी मुलखात तशी जागा शोधली. तिला नगराने होकार दिला. पुढे छत्री बांधणाऱ्यांना या निवडीच्या मागोमाग यावे लागले; म्हणून तर हे स्मारक राजवाड्यांच्या चौकात नसून नगराच्या टोकाशी, एका ओढ्याच्या मुखाशी आहे. दगडाने साम्राज्याची भाषा खुशाल बोलावी. ती जागा मात्र शोक करणाऱ्यांचीच राहिली आहे.

नगरवासीयांनी ही आठवण आपल्या पद्धतीने पचविली. राजाराम हे नाव त्यांच्या जिभेस वळले नसावे; ते त्या जागेस 'इंदियानो', म्हणजे 'हिंदी माणूस', एवढेच म्हणू लागले. नाव गेले, गादी गेली, देश तेवढा उरला. पुढे १९७८ साली येथून जवळच आर्नोवर तारांनी तोललेला एक विशाल पूल झाला, त्यालाही 'इंदियानोचा पूल' हेच नाव मिळाले. त्यावरून नित्य जाणाऱ्या असंख्य वाहनचालकांपैकी किती जणांस कोल्हापूर ठाऊक असेल? तरीही वाट विचारताना आणि सांगताना तो शब्द त्यांच्या तोंडून उच्चारला जातोच.

कोल्हापुरात महाराजांचे नाव १८८० साली स्थापन झालेल्या राजाराम महाविद्यालयाने राखले आहे. परंतु त्यांची ही दूरची जागा आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? फ्लॉरेन्सला जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या आज थोडी नाही. त्यांनी घुमट पाहावा, दाविद पाहावा, चित्रशाळेपुढच्या रांगेत अवश्य उभे राहावे. मात्र एक सकाळ या संगमासाठी राखून ठेवावी, एवढीच आमची सूचना आहे. परत निघताना आमच्यातील कोल्हापूरच्या व्यक्तीने वाटेत वेचलेली दोन रानफुले पुतळ्याकडे न नेता पाण्यात सोडली. मुन्योनेच्या मंद प्रवाहातून ती हळूहळू आर्नोत गेली.