इंजिनाची साखरझोप

अकोल्याचा माणूस थंडीवर लिहायला बसला की अमरावतीकर हसणार, हे मी धरूनच चालतो. आमच्या मे महिन्याचीच एवढी ख्याती, की बिचाऱ्या जानेवारीला कोणी विचारत नाही. पण २००८ साली बँकेनं मला चिखलदऱ्याला धाडलं. उंची सुमारे ११०० मीटर. १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सनला ही जागा फार आवडली म्हणतात. आवडणारच! त्याला सकाळी जनरेटर सुरू करायचा नव्हता.

भारनियमनाचे दिवस. पेन्शनची तारीख. बाहेर रांग, आत कॉम्प्युटर मुका. रांगेत एक कोरकू म्हातारी पहाटेपासून बसलेली. तिची परतीची एसटी बाराची. खात्यात पैसे होते, पण ते दाखवायला वीज नव्हती. आणि जनरेटर? बटण दाबलं की नुसता कण्हायचा.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन गृहस्थानं १८९३ साली या इंजिनाचं पेटंट मिळवलं आणि १८९७ साली ऑग्सबर्गला ते चालवून दाखवलं. यात ठिणगी नाही. हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापते, मग त्यात तेल पडलं की भडका. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तर हे इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं. (तेव्हा ते तेल परवडत असावं.) थंडीत मात्र ही कमावलेली उष्णता गार लोखंडच गिळतं. त्यात ऑइल घट्ट आणि बॅटरी मलूल. म्हणजे आमच्या कॉमर्सच्या भाषेत, धंदा सुरू व्हायच्या आतच भांडवल खर्ची!

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी कळत होतं ते फक्त आमच्या शिपायाला. १९४६ साली किर्लोस्करांनी खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. त्यातलंच एक त्याच्या बापाच्या विहिरीवर धडधडत असे. मी सातव्यांदा बटण दाबताना त्यानं माझा हात धरला.

"सायेब, बॅटरी मारता का आता? याले पहिले शेक द्या!"

टपरीवरून पातेलंभर गरम पाणी आलं. ते त्यानं रेडिएटरमध्ये हळूहळू ओतलं. उकळतं नको, गार लोखंडाला तडा जातो म्हणे. मग नळीतली हवा काढली, डोक्यावरची खिट्टी उचलली. खिट्टी वर असली की हवा दाबली जात नाही, चाक हलकं फिरतं. हॅन्डल मला दिलं.

"आंगठा चार बोटाइच्याच बाजूनं ठेवा जी. उलटं मारलं तं मोडते."

कॅशियरच्या आंगठ्याची किंमत त्याला माहीत होती. मी फिरवत सुटलो. कोटाची बटणं उघडली. चाकानं वेग घेतला तशी त्यानं खिट्टी पाडली. एक ठोका, दुसरा ठोका, पांढरा धूर, आणि धडधड!

म्हातारीचे पैसे पावणेबाराला मोजले. तिनं ते पुन्हा मोजले. मग तिसऱ्यांदा. मी घड्याळाकडे पाहत होतो, शिपाई मात्र रस्त्यावर एसटीपुढे उभा राहून कंडक्टरशी भांडत होता.