कॅलाव्हेराइट : एका दुर्मीळ सुवर्णखनिजाचे गुणधर्म, उत्पत्ती व इतिहास

प्रस्तावना :
निसर्गात सोने बहुधा मुक्त धातूच्या रूपात आढळते. इतर मूलद्रव्यांशी ते सहसा संयोग पावत नाही. टेल्युरिअम हा यातील महत्त्वाचा अपवाद होय. या दोहोंपासून बनलेल्या कॅलाव्हेराइट या खनिजाच्या इतिहासाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

गुणधर्म व उत्पत्ती :
कॅलाव्हेराइटमध्ये सोन्याच्या एका अणूमागे टेल्युरिअमचे दोन अणू असतात. वजनाने सुमारे ४३ टक्के भाग सोन्याचा असतो. थोडी चांदीही आढळते. त्याचे स्फटिक एकनत, रंग फिकट पितळी ते रुपेरी व चमक धातूसारखी असते. कठिनता २.५ ते ३ व विशिष्ट गुरुत्व ९ हून अधिक असते. सोने ठोकल्यास पसरते. हे खनिज मात्र ठिसूळ असल्याने फुटते. भूगर्भातील उष्ण जलीय द्रावणे खडकांच्या भेगांतून वर येताना ते निक्षेपित होते.

ऐतिहासिक मागोवा :
ट्रान्सिल्व्हानियातील सुवर्णधातुकाच्या परीक्षणातून म्यूलर फॉन रायखेनश्टाइन यांना १७८२ मध्ये एका अज्ञात धातूचा सुगावा लागला. १७९८ मध्ये क्लाप्रोट यांनी त्याला टेल्युरिअम हे नाव दिले व शोधाचे श्रेय म्यूलर यांनाच दिले. पुढे कॅलिफोर्नियातील कॅलाव्हेरस परगण्यात सापडलेल्या खनिजाचे वर्णन गेंथ यांनी १८६८ मध्ये केले. परगण्याचेच नाव खनिजास मिळाले.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील कॅल्गुर्ली येथे १८९३ मध्ये सोने सापडले. मुक्त सोने शोधणाऱ्या खाणकामगारांनी टेल्युराइडयुक्त दगड निरुपयोगी समजून टाकून दिला. तो रस्त्यांच्या भरावातही वापरला गेला. १८९६ मध्ये त्याची खरी ओळख पटताच टाकलेला दगड पुन्हा गोळा करण्यासाठी धावपळ उडाली. तथापि ओळख पटणे पुरेसे नव्हते. मुक्त सोन्याप्रमाणे टेल्युराइडचा पाऱ्याशी संयोग होत नाही व सायनाइडच्या द्रावणातही ते सावकाश विरघळते. त्यामुळे धातुक बारीक दळून भाजण्याच्या पद्धती विकसित कराव्या लागल्या. भाजल्यावर टेल्युरिअम निघून जाते व सोने मागे उरते.

निष्कर्ष :
१८९६ पूर्वी व नंतर कॅल्गुर्लीचा दगड तोच होता. बदलले ते त्याविषयीचे ज्ञान. नैसर्गिक संपत्तीचे मोल केवळ तिच्या घटकांवर नव्हे, तर ते ओळखण्याच्या व वेगळे करण्याच्या समाजाच्या क्षमतेवरही अवलंबून असते. म्हणूनच खाणींच्या आर्थिक इतिहासाचा अभ्यास रसायनशास्त्राच्या इतिहासाला वगळून पूर्ण होऊ शकत नाही.