मृण्मयी (नाव)

मृण्मयी हे संस्कृतमधून मराठीत आलेले स्त्रीनाम आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'मातीची बनलेली' किंवा 'मातीशी एकरूप झालेली' असा होतो. मराठी वाचकांच्या ओळखीचे असले तरी हे नाव तुलनेने कमी आढळते. त्याच्या लेखनात न आणि ण, तर उच्चारात रु आणि रि असे दोन भेद दिसतात.

व्युत्पत्ती

'मृद्' (माती) या शब्दाला 'मय' हा प्रत्यय लागून 'मृन्मय' हे विशेषण बनते. 'मयी' हे त्याचे स्त्रीलिंगी रूप होय. चित् + मय = चिन्मय, वाक् + मय = वाङ्मय या संधींप्रमाणेच येथेही पुढील अनुनासिकामुळे आधीचे व्यंजन अनुनासिक होते. मृदा, मृत्तिका, मृद्गंध हे शब्द याच कुळातले आहेत. मृणाल (कमळाचा देठ) आणि मृदुला (कोमल) ही नावे मात्र ध्वनीने जवळची असली तरी त्यांचा अर्थ वेगळा आहे.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील एका वरुणसूक्तात 'मृन्मय गृह' असा उल्लेख येतो. अनेक अभ्यासक त्याचा अर्थ थडगे असा घेतात. पुढे छांदोग्योपनिषदात मातीच्या एका गोळ्यावरून मातीच्या सर्व वस्तूंचे ज्ञान होते, या दृष्टांतात हाच शब्द आला आहे.

लेखन

संस्कृतात ऋ नंतर त्याच पदात येणाऱ्या न चा ण होतो. परंतु पदाच्या अंती असलेल्या न ला हा नियम लागू होत नाही. त्यामुळे व्याकरणदृष्ट्या 'मृन्मयी' हे रूप काटेकोर ठरते. मराठीत मात्र 'मृण्मयी' हेच रूप रूढ झाले असून नाव म्हणूनही तेच अधिक आढळते. बंगालीत न कायम आहे. 'मृणमयी' (पूर्ण ण) आणि 'म्रुण्मयी' ही रूपे अशुद्ध होत.

उच्चार

मराठीत ऋ चा उच्चार 'रु' असा होतो. म्हणून हे नाव 'म्रुण्‌-म-यी' असे उच्चारले जाते. हिंदी भाषक ते 'म्रिण्मयी' असे, तर बंगाली भाषक 'म्रिन्मोयी' असे उच्चारतात. ऋ हा मुळात स्वतंत्र स्वर होता. तो उच्चार आज बोलीत उरलेला नसल्याने 'रु' आणि 'रि' ही दोन्ही त्याची प्रादेशिक रूपे आहेत; त्यांपैकी एकच शुद्ध मानता येत नाही. छंदःशास्त्राप्रमाणे या नावात गुरू-लघू-गुरू असा क्रम, म्हणजे 'र' गण आहे.

सिडकोने १९७० नंतर वसवलेल्या नवी मुंबईसारख्या बहुभाषक शहरात हे सर्व उच्चार एकाच वर्गात वा कार्यालयात कानी पडू शकतात.

रोमन लेखन आणि दस्तऐवज

देवनागरीत एकच असलेले हे नाव रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिले जाते. 'आर' नंतर 'यू' किंवा 'आय', आणि शेवटी एक 'आय', दोन 'ई' किंवा 'वाय', एवढ्या पर्यायांतूनच सहा रूपे होतात. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि पारपत्र यांत वेगवेगळी रूपे असल्यास एकाच व्यक्तीची ओळख पटवताना अडचण येते. जन्मनोंदणीत बाळाचे नाव पहिल्या १२ महिन्यांत विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्कासह घालता येते. त्यामुळे नोंदणीच्या वेळीच देवनागरी व रोमन रूप निश्चित करून पुढे सर्वत्र तेच वापरणे हितावह ठरते. पुढे नावात बदल करायचा असल्यास महाराष्ट्रात तो शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करण्याची पद्धत आहे.

साहित्य व चित्रपट

'मृण्मयी' ही गो. नी. दांडेकर यांची कादंबरी आहे. इंदिरा संत यांच्या निवडक कवितांच्या, रमेश तेंडुलकर यांनी संपादित केलेल्या संग्रहाचे नावही हेच आहे. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या 'समाप्ती' या कथेची नायिका मृन्मयी आहे. सत्यजित राय यांच्या 'तीन कन्या' (१९६१) या चित्रपटात ही भूमिका अपर्णा सेन यांनी केली. बंगालमधील विष्णुपूर येथे मृन्मयी देवीचे मंदिर आहे.

या नावाच्या व्यक्ती

• मृण्मयी देशपांडे – अभिनेत्री. 'कट्यार काळजात घुसली' (२०१५), 'नटसम्राट' (२०१६)
• मृण्मयी गोडबोले – अभिनेत्री, 'चि. व चि. सौ. कां.' (२०१७)
• मृण्मयी लागू – पटकथालेखिका. 'थप्पड' (२०२०) या हिंदी चित्रपटाच्या सहलेखिका