बेरीमास्तरांचा वर्ग

चक बेरी म्हटलं की बहुतेकांना आठवतं ते 'जॉनी बी. गुड'. १९५८ चं हे गाणं १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर थेट अंतराळात गेलं. अमेरिकेच्या पॉप गाण्यांच्या यादीत मात्र ते आठव्या नंबरापर्यंतच पोचलं होतं. त्या यादीत बेरीचं एकच गाणं पहिलं आलं, आणि त्याचं नाव काढलं की त्याचे कट्टर चाहते विषय बदलतात. ते गाणं म्हणजे 'माय डिंग-अ-लिंग'.

आजीने नातवाला दोरीला बांधलेल्या घंटा खेळायला दिल्या, आणि तो त्या जिवापाड जपतो, इतकीच गोष्ट. दुसरा अर्थ काय ते दादा कोंडक्यांचे सिनेमे पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांनी गोष्ट घंटांचीच समजावी (विशेषतः आमच्या आत्याबाईंनी!).

गाणं मुळात बेरीचं नव्हेच. न्यू ऑर्लिन्सच्या डेव्ह बार्थोलोम्यूने ते लिहिलं आणि १९५२ मध्ये रेकॉर्ड केलं. बेरीने १९६८ मध्ये त्याला सोवळं नेसवून 'माय टॅम्बुरिन' या नावाने स्टुडिओत गाऊन पाहिलं. कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग ३ फेब्रुवारी १९७२ ला इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत, लँचेस्टर आर्ट्स फेस्टिवलमध्ये त्याने ते भरल्या सभागृहात गायलं, आणि चेस कंपनीने ते टेपवर घेतलं. एलपीवर ते साडेअकरा मिनिटांचं आहे. सिंगलसाठी कापून चारेक मिनिटांचं केलं, आणि त्याच वर्षी ते अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिलं आलं.

चार वर्षांत असं काय बदललं? माझ्या मते एकच गोष्ट: समोर माणसं आली.

बेरीची दौऱ्याची पद्धत प्रसिद्ध आहे. एकटा गिटार घेऊन यायचा, पैसे आधी मोजून घ्यायचा, साथीला त्या त्या गावातले वादक. तालीम नाही, गाण्यांची यादी नाही. वादकांनी त्याच्या बोटांकडे बघत धावायचं. अशा माणसाला रोज रात्री हमखास चालणारं काहीतरी हवंच. या गाण्यात तर साथीदारांना फारसं कामच नाही. सगळं काम प्रेक्षकांकडे. बेरी शाळामास्तर होतो, बायकांना एक तुकडा शिकवतो, पुरुषांना दुसरा, म्हणवून घेतो, चुकलं तर पुन्हा. शेवटचं कडवं तर न गाणाऱ्यांनाच टोला मारणारं. वात्रट अर्थ प्रेक्षकांच्याच तोंडून वदवायचा आणि आपण भोळा चेहरा करून गिटार वाजवायची! रिकाम्या स्टुडिओत हे कसं जमणार?

ब्रिटनमध्ये मेरी व्हाइटहाउस बाईंनी गाण्यावर बंदी घालावी म्हणून बीबीसीकडे तक्रार केली. बीबीसीने ऐकलं नाही. मला त्या बाईंपेक्षा रॉकच्या जाणकारांचं नवल वाटतं. रॉक अँड रोलचा पाया घालणाऱ्याला अशा पाचकळ गाण्याने पहिला नंबर मिळावा, ही त्यांना त्याची शोकांतिका वाटते. नंबरांच्या हिशेबात ते खरंही आहे. पण बेरी १९५० च्या दशकात गायला लागला तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत काळे आणि गोरे प्रेक्षक वेगवेगळे बसवत, कधी मधे दोरी बांधून. तोच माणूस चाळिशी उलटल्यावर सभागृहाचे स्वतः दोन भाग पाडतो, तेही फक्त एकत्र गाऊन घ्यायला, हे ऐकताना मला तरी शोकांतिका ऐकू येत नाही.

त्या रात्री पुढचा कार्यक्रम पिंक फ्लॉइडचा होता. एलपीच्या शेवटी आयोजक लोकांना सभागृह रिकामं करायची विनवणी करताना ऐकू येतात. लोक हलायला तयार नाहीत, त्यांना पुन्हा बेरीच हवाय.

पुढेही तो हे गाणं गात राहिला. सेंट लुइसमधल्या 'ब्लूबेरी हिल' या हॉटेलात तर १९९६ ते २०१४ महिन्याला एक कार्यक्रम चालू होता. २०१७ मध्ये, नव्वदीत, बेरी गेला.

असो. ऐकायचंच असेल तर चार मिनिटांचं ऐकू नका, साडेअकरा मिनिटांचं ऐका. गंमत गाण्यात कमी, वर्गात जास्त आहे.