स्पेस इंजिनिअर्समधील मायनिंग शिप

स्पेस इंजिनिअर्स या व्हिडिओ गेममध्ये लघुग्रह, चंद्र आणि ग्रह पोखरून खनिज काढण्यासाठी खेळाडू स्वतः बांधतो ते जहाज. प्रागच्या कीन सॉफ्टवेअर हाऊस या स्टुडिओने हा गेम ऑक्टोबर २०१३ मध्ये स्टीमवर अर्ली अ‍ॅक्सेस म्हणून आणला आणि पूर्ण आवृत्ती फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. नोव्हेंबर २०१५ मध्ये गेममध्ये ग्रह आले. तोवर मायनिंग शिप फक्त अवकाशात चालवायचे असे. ग्रहांबरोबर गुरुत्वाकर्षण आले आणि जहाजाच्या रचनेचे सगळे गणित नव्याने मांडावे लागले.

गेममध्ये बांधकामाच्या दोन जाती आहेत. लार्ज ग्रिडचा ब्लॉक अडीच मीटरचा असतो, स्मॉल ग्रिडचा अर्ध्या मीटरचा. खणणारी बहुतेक जहाजे स्मॉल ग्रिडवर बांधतात, कारण ती स्वस्त पडतात आणि अरुंद बोगद्यात वळवता येतात. ड्रिल, माल साठवायचा कंटेनर, दोहोंना जोडणारे कन्व्हेयर, वळण्यासाठी जायरोस्कोप, सर्व दिशांचे थ्रस्टर, वीज, कॉकपिट आणि तळाला जोडण्यासाठी कनेक्टर एवढे असले की जहाज खणू लागते. खनिजाचा थर शोधायला ओअर डिटेक्टर लागतो. स्मॉल ग्रिडवर त्याचा पल्ला ५० मीटर असतो, लार्ज ग्रिडवर १५० मीटर.

खणू शकणारे जहाज बांधणे अवघड नाही. माल भरल्यावर ते परत येते का, हा खरा प्रश्न आहे. रिकाम्या जहाजावर चाचणी घेऊन समाधान मानण्याची सवय नव्या खेळाडूंमध्ये फार दिसते. चांगली रचना उलट्या टोकापासून, म्हणजे भरलेल्या वजनापासून सुरू होते.

नऊ ड्रिलचे जहाज घेऊ. स्मॉल ग्रिडचा ड्रिल समोरून तीन ब्लॉक रुंद आणि तीन ब्लॉक उंच असतो. असे नऊ ड्रिल तीन-तीनच्या ओळींत लावले की साडेचार मीटर रुंदीचे चौकोनी तोंड तयार होते. त्यामागे मोठा कंटेनर ठेवला तर तो पाच ब्लॉक रुंद, म्हणजे अडीच मीटरचा. दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोन ब्लॉक जागा उरते. छोटा आयन थ्रस्टर दोन ब्लॉक लांब असल्याने तो बाहेर तोंड करून तिथे नेमका बसतो आणि जहाजाचा कोणताही भाग ड्रिलच्या तोंडाबाहेर डोकावत नाही. हे जमणे महत्त्वाचे, कारण ड्रिलने जेवढे भोक पाडले तेवढ्यातूनच मागचे धड गेले पाहिजे. एखादा थ्रस्टर वा दिवा बाहेर आला की पहिल्या बोगद्यात तोच खडकावर आपटून तुटतो. चारच ड्रिल लावले तर तोंड तीन मीटरचे होते आणि त्याच कंटेनरच्या भोवती, दोन बाजू मिळून, जेमतेम एका ब्लॉकची जागा राहते. मोठा कंटेनर बसवायचा असेल तर नऊ ड्रिलची मांडणी मला अधिक समंजस वाटते.

आता वजन पाहू. मोठ्या कंटेनरमध्ये १५,६२५ लिटर माल मावतो. एक किलो खनिज ०.३७ लिटर जागा घेते, तेव्हा भरलेल्या कंटेनरमध्ये सुमारे ४२ टन माल असतो. हिशेब इथेच थांबवला तर तो साफ चुकतो, कारण ड्रिललाही पोट आहे. प्रत्येक ड्रिल ३,३७५ लिटर माल साठवतो आणि नऊ मिळून ३०,३७५ लिटर, कंटेनरच्या जवळजवळ दुप्पट. कंटेनर भरला की खनिज ड्रिलमध्येच साठू लागते. सगळे भरल्यावर ४६,००० लिटर, म्हणजे सुमारे १२४ टन. हे आकडे साठवणक्षमतेच्या ‘रिअलिस्टिक’, म्हणजे एकपट सेटिंगचे आहेत.

पृथ्वीसारख्या ग्रहावर एवढा माल नुसता अधांतरी धरून ठेवायला सुमारे १,२२० किलोन्यूटन बल लागते. जहाजाचे स्वतःचे वजन वेगळेच. गेममधल्या चंद्रावर गुरुत्वाकर्षण पाव असल्याने तिथे ३०५ किलोन्यूटन पुरतात. अवकाशात वजन जाणवत नाही, जडत्व मात्र पुरेपूर जाणवते. मागे खेचणारा एकच मोठा आयन थ्रस्टर १७२.८ किलोन्यूटन बल देतो. सेकंदाला शंभर मीटर या कमाल वेगाने तळाकडे येणारा १२४ टन माल त्याच्या भरवशावर थांबवायचा तर साडेतीन किलोमीटरहून अधिक अंतर लागते. म्हणून पुढे ढकलणाऱ्या थ्रस्टरइतकेच उलट दिशेचे थ्रस्टर भक्कम हवेत. पुढे जाताना जहाज रिकामे असते आणि बोगद्यातून मागे सरकताना भरलेले, ही साधी गोष्ट रचनेत बहुधा विसरली जाते. ग्रहावर हेच वर उचलणाऱ्या थ्रस्टरना लागू होते.

थ्रस्टरची जात जागेवरून ठरते. आयन थ्रस्टर निर्वातात उत्तम चालतो, दाट हवेत मात्र त्याचा जोर बराच ओसरतो. अ‍ॅटमॉस्फेरिक थ्रस्टरला हवा लागते, त्यामुळे चंद्रावर तो निरुपयोगी. हायड्रोजन थ्रस्टर सगळीकडे चालतो, पण इंधन पितो. जहाजावर बर्फापासून हायड्रोजन काढणारा जनरेटर असेल तर खणलेल्या बर्फावरच टाकी भरून घेता येते. ग्रहावरून थेट अवकाशात माल न्यायचा असेल तर हाच मार्ग सोयीचा.

दगडाचा प्रश्न याच वजनातून निघतो. खनिजाच्या थरापर्यंत पोचायला दगड फोडावा लागतो आणि ड्रिल तोही गोळा करत राहतो. पूर्वी दगडातून केवळ खडी मिळे. पूर्ण आवृत्तीच्या सुमारास झालेल्या बदलांनंतर त्यातून लोखंड, निकेल आणि सिलिकॉनही थोडे थोडे मिळू लागले, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत दगड जपून ठेवावा. पुढे मात्र तो नुसता भार होतो. तो काढून टाकायला सॉर्टरवर फक्त दगड निवडतात, त्याला दगड ओढून घ्यायला लावतात आणि पलीकडे इजेक्टर बसवतात. यात एक अडचण आहे. लघुग्रहाच्या बोगद्यात टाकलेला दगड खाली पडत नाही, मागे तरंगत राहतो आणि परतताना आडवा येतो. त्यापेक्षा थर येईपर्यंत माउसचे उजवे बटण दाबून खणावे. तेव्हा ड्रिल अधिक रुंद भोक पाडतो आणि काहीच गोळा करत नाही. खनिज दिसू लागले की डावे बटण. ही सवय लागली तर सॉर्टर आणि इजेक्टरची जागा वाचते आणि बोगदाही जहाजापेक्षा ऐसपैस होतो.

काय खणायचे यावरही जहाजाचा आकार ठरतो. लोहखनिजाच्या एका किलोतून रिफायनरी ७०० ग्रॅम लोखंड देते. प्लॅटिनमच्या खनिजातून जेमतेम ५ ग्रॅम प्लॅटिनम. रिफायनरीची क्षमता वाढवणारे मॉड्यूल नसेल तर नऊ ड्रिलच्या जहाजातले १२४ टन प्लॅटिनम-खनिज गाळून सुमारे ६२० किलो धातू हाती येतो. एवढ्यासाठी इतके ओझे लांबच्या तळापर्यंत वाहणे परवडत नाही. रिफायनरी लार्ज ग्रिडवरच बसते, त्यामुळे अनुभवी खेळाडू रिफायनरीसह एक मोठे जहाज लघुग्रहाजवळ उभे करतात आणि लहान मायनिंग शिप त्याच्या कनेक्टरला येऊन माल रिकामा करते. या वेळी ड्रिल बंद असल्याची खात्री करावी. चालू ड्रिल खडकाइतक्याच सहजतेने मोठ्या जहाजाचे पत्रेही कापतो. कनेक्टर जहाजाच्या मागे किंवा पोटाशी बसवला तर ड्रिलचे तोंड आपोआपच तिथून लांब राहते.